मला मिश्री लागती

माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या आणि मी रायपूरची. दोघींची भाषा मराठी, पण एकमेकींचं बोलणं ऐकून लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही नुसत्या हसतच होतो. "आई, मी पोळ्या करून राहिली," असं मी म्हटलं की त्या विचारायच्या, "करून राहिलीस म्हंजे? झाल्या, का व्हायच्यात?" मी "मले" म्हटलं की त्यांना गुदगुल्या व्हायच्या. त्या "व्हय" आणि "न्हाय" म्हणाल्या की माझ्या माहेरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. सणावारी येणंजाणं होतं तोवर हे सगळं मजेचं होतं. सासरे गेले, त्या कायमच्या आमच्याकडे, रायपूरच्या तेलीबांधा तलावाजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तेव्हाही मजेचंच होतं. त्या मजेनं पुढे आमच्यासाठी काय वाढून ठेवलं होतं, ते मला कुठून कळणार!

आधी माझ्या भीतीबद्दल सांगायला हवं. माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, घर रायपूरच्याच गुढियारी भागात. विदर्भातून इकडे आलेल्या आमच्या लोकांनी येताना देव आणले, लोणच्याच्या बरण्या आणल्या आणि खर्राही आणला. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून केलेली ती पुडी वडिलांच्या गालात सकाळपासून असायची. मग त्याच गालात आत काहीतरी झालं. तोंड कमी उघडायला लागलं. आधी गुपचुप, म्हणजे तुमची पाणीपुरी, जाईना, मग पोळीचा घास जाईना, मग चमचाही आडवा करून घालावा लागे. घरातले सगळे वाकून वाकून त्यांच्या तोंडात बघायचे. मी एकदाही बघितलं नाही. मी पायाशी बसून पाय दाबायची. त्या तोंडात काय आहे हे मला फक्त वासावरून माहीत होतं, आणि तेवढं मला जन्मभर पुरलं.

तेव्हापासून तोंडाची मला भीती वाटते. कुणी मोठी जांभई दिली तरी मी मान फिरवते. लग्न ठरताना बाकीच्यांनी मुलाला पगार विचारला, शिक्षण विचारलं. मी विचारलं, "खर्रा खाता का?" त्याला तो शब्दच माहीत नव्हता. मी तिथल्या तिथे होकार दिला. घरात दुरुस्तीला येणाऱ्या माणसालासुद्धा मी आधी खाली जाऊन चूळ भरून यायला लावते. लोक मला चक्रम म्हणतात. म्हणोत बापडे.

तर सासूबाईंचा दात दुखायला लागला. दुखणं असं नाही, शिणक. गार पाणी लागलं की त्या डोळे मिटून भिंत धरायच्या. मी त्यांना पंडरीच्या कापडबाजाराजवळ एक दातांची डॉक्टर होती तिच्याकडे नेलं. पोरसवदा, बारीक चणीची मुलगी, पण हात हलका आणि बोलणं गोड. तिने आरशात बघून मला सांगितलं, "दीदी, मसूड़ों के पास दाँत घिस गए हैं. गड्ढे पड़ गए हैं. मसाला भरना पड़ेगा." मी तोंडात न बघता मान हलवली.

मग तिने विचारलं, "अम्माजी, तंबाकू-गुटका कुछ लेती हैं?"

"न्हाय बाई!" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "तंबाखू खात न्हाय मी."

"हमारे घर में कोई छूता भी नहीं," मी पुस्ती जोडली. अभिमानाने.

"और कोई आदत?"

त्यांनी थोडा विचार केला. "मला मिश्री लागती," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्या उठल्या, आणि जेवल्यावर."

डॉक्टर हसली. तिला मराठी येत नव्हतं, पण एवढं कळलं. "बस, यही बात है! मिश्री बंद कीजिए, अम्माजी. बंद नहीं होती तो कम कीजिए. और बाद में कुल्ला कर लीजिए."

"चूळ भरती की मी," सासूबाई म्हणाल्या. मी त्याचं हिंदी करून सांगितलं. तिघींनी माना डोलावल्या.

रायपूरमध्ये मिश्री म्हणजे खडीसाखर. आम्ही इथले मराठी लोक खडीसाखर हा शब्द फक्त भटजींच्या तोंडून ऐकतो. देवापुढे ठेवतो ती मिश्री, बडीशेपेबरोबर खातो ती मिश्री. म्हाताऱ्या बाईला उठल्याबरोबर आणि जेवल्यावर खडा लागतो, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. त्याआधी एकदा त्या म्हणाल्या होत्या, "माझी मिश्री सरत आली, गावाकडं फोन लाव." मी म्हटलं, "गावाकडून काहून बोलावता? इथं लागेल तेवढी मिळते." आणि तलावाजवळच्या दुकानातून धाग्याची मिश्री आणून त्यांच्या हातात ठेवली होती. त्यांनी त्या पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि पुडा देवाजवळ ठेवून दिला. पुढे गावाहून पापडांचा डबा आला, तेव्हा त्या जरा खुलल्या. मला वाटलं, पापडांमुळे.

डॉक्टरला शिकवायची हौस होती. मी डोळे भिंतीवर लावून बसलेली बघून ती मला काम समजावून सांगायची, म्हणजे माझी भीती कमी होईल असं तिला वाटायचं. मसाला दाताला नुसता चिकटत नाही, ती सांगायची. आधी दातावर एक रंगीत आम्ल लावायचं. त्यानं डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक भोकं पडतात. ते धुवायचं, हवेनं सुकवायचं. मग एक पातळ रस ब्रशने चोळायचा, तो त्या भोकांत उतरतो, निळ्या उजेडाने घट्ट होतो. खरी पकड त्या रसाची. वर मसाला बसवायचा तो त्या रसाच्या जिवावर. आणि या सगळ्या वेळात दात कोरडा राहायला पाहिजे. थुंकीचा एक थेंब, हिरडीतून रक्ताचा एक ठिपका आला की पकड गेली. ओल्या भिंतीला रंग धरत नाही तसंच, मी मनात म्हटलं.

पहिला मसाला पडला तो भाकरी खाताना. सासूबाईंना वाटलं खडा लागला, म्हणून हातावर काढला, तर दाताच्याच रंगाचा बारीक तुकडा. डॉक्टर खजील झाली. पुन्हा भरून दिला. तोही पडला. या वेळी तिने बराच वेळ आरसा फिरवून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तिचं म्हणणं असं की दाताचं वरचं पांढरं कवच असतं त्याला पकड चांगली बसते. हिरडीजवळ ते झिजून आतला पिवळा भाग उघडा पडला की पकड आधीच निम्मी. आणि यांचा तो पिवळा भाग घासून घासून काचेसारखा गुळगुळीत झालाय. रस आत शिरायला भोकंच उघडी नाहीत. शिवाय हिरडी हात लावला की रक्त देते.

"अम्माजी, आप ब्रश बहुत ज़ोर से करती हैं क्या?" तिने विचारलं.

"मी ब्रश लावत न्हाय. बोटानं," सासूबाई म्हणाल्या.

"उँगली से इतना नहीं घिसता," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. जाताना तिने मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली, की दाताच्या गळ्याशी भरलेला मसाला चांगला भरला तरी कधीकधी पडतो, दीदी, मन छोटा मत करना. मी हो हो म्हटलं. मला वाटलं, ही स्वतःच्या हाताची चूक झाकतेय.

तिसऱ्या खेपेला खालच्या दातांचं काम होतं. कापसाची सुरळी ओठ आणि हिरडीच्या मधल्या खाचेत ठेवायची, म्हणजे थुंकी अडते. त्यासाठी तिने खालचा ओठ पुढे ओढला. आणि तिचा हात थांबला.

मी भिंतीवरचं दात कसे घासावेत याचं चित्र बघत होते. पण हात थांबलेला मला कळला. जे लोक अशा खोल्यांमध्ये एकदा बसलेले असतात त्यांना हात थांबलेले कळतात. वडिलांच्या वेळी डॉक्टरचा असाच थांबला होता.

"अम्माजी," डॉक्टरचा आवाज एकदम सपाट झाला होता, "यहाँ क्या रखती हैं आप?"

"कुठं?"

"यहाँ. होंठ के नीचे."

"मिश्री," सासूबाई म्हणाल्या.

"मिश्री? यहाँ?"

"मग कुठं? तुमास्नी पहिल्या दिशीच सांगितलं की." आणि त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत कंबरेची चंची सोडली, तिच्यातून बोटाएवढी डबी काढली आणि झाकण उघडून डॉक्टरच्या नाकापुढे धरली.

आत काळी, बारीक दळलेली भुकटी होती. डॉक्टर मागे सरकली. मी खुर्चीतून उठले, आणि तो वास माझ्यापर्यंत आला. भाजलेला होता, वेगळा होता, पण खाली तोच होता. गुढियारीच्या त्या खोलीतला. मी पुन्हा खाली बसले.

तिकडे साताऱ्याकडे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीला मिश्री म्हणतात. बायका ती बोटावर घेऊन दातांना घासतात आणि उरलेली ओठात धरून ठेवतात. तंबाखू *खात* नाहीत, मिश्री *लावतात*. त्या दोन गोष्टी त्यांच्या लेखी निराळ्या आहेत, जशी आपल्या लेखी अफू आणि खसखस. आमच्याकडे धुणंभांडी करणारी बाई गुडाखू घासते, तंबाखू आणि गूळ कालवलेला इथला तो काळा लगदा, आणि त्यावरून मी तिला ओरडत असे, तेव्हा माझ्यामागे उभं राहून सासूबाईही म्हणायच्या, "शी, कसलं ते चिकाट!" ती बिचारी "हव, दीदी" म्हणून खाली बघायची. आणि यांच्या कंबरेला डबी. बरं, लपवलं म्हणावं तर लपवलंही नव्हतं. माझ्यादेखत डॉक्टरला सांगितलं होतं, दिवसातून केव्हा केव्हा तेही सांगितलं होतं. भुकटीने दात खरवडून निघत होते, हिरड्या भिजत होत्या, मसाला कशाला धरेल तिथे? आणि आम्ही तिघी खडीसाखरेवर माना डोलावत होतो.

डॉक्टरने त्या दिवशी मसाला भरला नाही. खाचेत पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता, तिने मला बघायला बोलावलं. मी गेले नाही. "तुकडा काढून तपासायला लागेल," असं ती हिंदीत म्हणाली आणि एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव लिहून दिलं. मी तिला विचारलं, "वो ही है क्या?" तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "जाँच से पहले कुछ नहीं कह सकते." हेही वाक्य मला ओळखीचं होतं.

तुकडा काढला त्या दिवशी सासूबाई मजेत होत्या. ओठ सुजलेला असताना लिफ्टमध्ये शेजारणीला हात करून नमस्कार केला. भीती होती ती मला. रिपोर्ट येईपर्यंत मी काय काय केलं ते आठवलं की आता लाज वाटते, पण तेव्हा इलाज नव्हता. त्या जेवायला बसल्या की मी त्यांचा घास केवढा आहे ते बघायची. काल एवढा जात होता, आज लहान झाला का? चटणी झोंबते का? बोलताना शब्द जड येतो का? त्यांना मुद्दाम "रामरक्षा म्हणा" म्हणायची आणि स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. सकाळी तलावावर फिरायला गेले की नव्या रायपूरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात मोठ्याने रडून घ्यायची आणि तोंड धुऊन परत यायची. नवरा म्हणायचा, "तू आधीच तेराव्यापर्यंत पोचलीस." तोही घाबरला होता. त्याचा आवाज फक्त वेगळा होता.

एका दुपारी मी त्यांना विचारलंच. "आई, तुम्ही हे काहून सुरू केलं?"

त्या गहू निवडत होत्या. "सासरी आले तवा दाढ दुखायची," त्या म्हणाल्या. "रडायला जागा न्हवती, माणसं लई. सासूबाईंनी बोटावर मिश्री दिली. लावली, दाढ गप झाली. मग कळलं, भूकबी गप हुती. मग काय, सगळंच गप करत गेले." त्यांनी गव्हातला एक खडा बाजूला टाकला. "तू साखर आणून दिलीस ना, तवा मला वाटलं, पोरगी गोडीनं सांगतीय. हे खा आणि ते सोड. लई चांगलं वाटलं मला. पर सुटंना गं."

मी इतकी गोड कधीच नव्हते.

रिपोर्ट आला. नवऱ्याने वाचला, डॉक्टरने फोनवर समजावला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. मिश्री आज, आत्ता बंद, आणि चट्टा नियमाने दाखवत राहायचा. जाऊ शकतो, राहू शकतो, आणि कॅन्सरकडे फिरूही शकतो. घरातल्या इतरांनी यातलं "नव्हता" एवढंच ऐकलं आणि पेढे आणले. मी शेवटचं वाक्य ऐकलं.

डबी सासूबाईंनी स्वतः माझ्या हातात दिली. मी ती गच्चीवर नेऊन ओतली आणि डबीही फेकली. त्या हाल सोसत होत्या, ते दिसत होतं. डोकं धरायच्या, चिडायच्या, लवंगा चघळायच्या, बोट सवयीने ओठाकडे जायचं आणि मध्येच थांबायचं. पण सोडली. हिरड्या सुकल्या, घट्ट झाल्या, रक्त येईना. मग डॉक्टरने पुन्हा दात भरले, सगळं सावकाश करून, आणि या वेळी मसाला धरला. ती इतकी खूश झाली की तिने फोटो काढला. "देखिए दीदी, कैसा पकड़ा है!"

आणि मला एक खूण सापडली. मसाला जागेवर आहे, म्हणजे मिश्री बंद आहे. मसाला पडला, म्हणजे लागली. इतकं सोपं. मी सासूबाईंना विचारायचं सोडून दिलं आणि मसाल्याला विचारायला लागले. रविवारी सकाळी मी त्यांना खिडकीशी बसवायची आणि मोबाइलचा टॉर्च लावायची. खाचेत मी बघत नव्हते, ते मला जमत नव्हतं, त्यासाठी डॉक्टर होती. मी फक्त ओठ जेमतेम खाली करून मसाले बघायची. आहेत? आहेत. झालं. शिवाय गावाहून आलेला प्रत्येक डबा मी आधी उघडायची. पापड एकेक करून झटकायची. त्या अंघोळीला गेल्या की त्यांच्या पदराचा वास घ्यायची. नवरा म्हणाला, "आईला जेलमध्ये आणलंयस की घरी?" मी म्हटलं, "तुमचे वडील तोंडाने नाही गेले. तुम्ही बोलू नका." रविवारी मी टॉर्च घेतला की सासूबाई स्वतःहून येऊन बसायच्या.

मग मे महिना आला. रायपूरचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मी माठात वाळा घालून ठेवते आणि घरातले सगळे दिवसभर माठाशी खेपा घालतात. माझ्या लक्षात आलं की सासूबाई माठाकडे जात नाहीत. तांब्यात पाणी घेऊन ठेवतात, तासाभराने पितात. कैरीचं पन्हं केलं, तर म्हणाल्या, घसा बसलाय. हसताना पदर तोंडावर. त्या रविवारी त्यांनी आधीच सांगून टाकलं की डोकं दुखतंय, आज ऱ्हाऊ दे.

मी समजले. मला वाटलं मी समजले. गार पाणी लागतंय म्हणजे खड्डा उघडा पडलाय. खड्डा उघडा म्हणजे मसाला गेला. मसाला गेला म्हणजे… मी त्यांच्या गादीखाली बघितलं. कपाटातली लुगडी काढून झटकली. देवघराच्या फळीमागे हात घालून बघितला. काही मिळालं नाही. मिळालं नाही याची मला आणखीच भीती वाटली. म्हणजे आता लपवायला शिकल्या. वडीलही शेवटी शेवटी पुड्या बुटात लपवायचे.

मी तशीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "आई, तोंड उघडा."

"आज नगं, पोरी."

"उघडा म्हणते ना! किती दिवसापासून लावून राहिल्या? कोण आणून देऊन राहिलं तुम्हाले? तुम्हाले मरायचं हाय का? त्या तोंडात काय होते ते तुम्हाले माहीत नाही, मले माहीत हाय!" मी ओरडत होते. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झालेला मला ऐकू आला, तरी मी थांबले नाही.

त्यांनी तोंड उघडलं. मी टॉर्च लावला. खालच्या दातांतला एक मसाला नव्हता. त्या जागी पिवळा, उघडा खड्डा होता. मग मी जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. अंगठ्याने ओठ पकडला, पार पुढे ओढला आणि खाचेत बघितलं. डोळे मिटत होते, ते उघडे धरून बघितलं. काळं काही नव्हतं. वास लवंगेचा होता. चट्टा राहिलेला नव्हताच म्हणायचा, फिकट रेघ होती, आणि बाकीचं सगळं गुलाबी, ओलं, लहान मुलाच्या तोंडासारखं. या बाईने मिश्रीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मसाला आपला पडला होता, तसे ते पडतात.

सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. आत तो पांढरा तुकडा होता. इतके दिवस जपून ठेवलेला.

"ह्योच परत चिकटवत्यात का इचारावं म्हटलं," त्या म्हणाल्या. "पर इचारू कुणाला?"

"आई, मले काहून नाही सांगितलं? इतके दिवस शिणक सोसून राहिल्या… तुम्हाले वाटलं का तो रोग परत…"

"रोगाचं न्हाय गं," त्या म्हणाल्या. ओठ अजून माझ्या अंगठ्याखालीच होता, त्यामुळे शब्द फुटके येत होते. "तुझंच भ्या वाटलं."

माझ्या हातातला टॉर्च तसाच त्यांच्या डोळ्यांवर होता, आणि त्या तो हटव असंही म्हणत नव्हत्या.